लेकीच्या दुखण्यावरचा उतारा

गेल्या महिन्यात अकोल्याला नात्यात हळदीकुंकवाला गेले होते. गप्पांत शेजारच्या एका मुलीचा विषय निघाला. वय एकोणीस, कॉलेजात शिकते. रक्ताचा कॅन्सर निघाला. बाप वावर विकायला निघाला, तर घरातल्याच एका मोठ्या माणसानं त्याला म्हटलं, "पोट्टीच्या जातीपायी वावर इकतं काय गा? उद्या परक्याच्या घरी जाईन ते!" ऐकून चहाचा घोट घशाखाली उतरेना. पण मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची बोच अजून जात नाही.

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली साधी गृहिणी. पण या विषयावर वाचलं, तेव्हा कोरोनातला एक शब्द पुन्हा भेटला. सायटोकाईनचं वादळ! २०२१ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेनं आपल्या अमरावती-अकोल्यात जोर धरला होता. नंतर टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शनसाठी लोक वणवण फिरले, आठवतं ना?

सायटोकाईन म्हणजे शरीरातल्या पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप. गल्लीत चोर शिरला की एकीनं हाक मारायची, बाकीच्यांनी धावून यायचं. पण अख्खं गाव काठ्या घेऊन धावलं, तर चोरासोबत आपल्याच घराची कौलं फुटतात. तेच वादळ.

२०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीवर एक नवा उपचार झाला. तिला रक्ताचा कॅन्सर होता, नेहमीची औषधं थकली होती. तिच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवून परत दिल्या. पेशी लढल्या, पण वादळ उठलं. मुलगी व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत इंटरल्युकिन-६ हा सायटोकाईन फार वाढलेला दिसला. त्याला रोखणारं औषध शास्त्रज्ञ कार्ल जून यांना ठाऊक होतं. कसं? त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, म्हणून! ते औषध म्हणजेच टोसिलिझुमॅब. एमिली वाचली, आज ती तरुण मुलगी आहे. एका लेकीच्या दुखण्यातून दुसरीचा उतारा सापडला.

त्याच वर्षी बोस्टनमध्ये राहुल पुरवार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की इंटरल्युकिन-९ हा निरोप देणाऱ्या टी पेशी उंदरांमधल्या त्वचेच्या कॅन्सरशी नेटानं लढतात. पुढे ते मुंबईच्या आयआयटीत आले. अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर यांच्यासारखे तरुण सोबतीला आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर पाठीशी. त्यांच्या 'नेक्सकार-१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मुंबईत त्याचं लोकार्पण केलं. चाचण्यांमध्ये जीवघेणं वादळ कमी जणांत उठलं, हे विशेष.

अभिमान वाटतो. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक, हा उपचार रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या ठरावीक कॅन्सरसाठी आहे, तोही नेहमीच्या उपचारांनी गुण आला नाही तर. स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या किंवा खर्ऱ्यानं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तो नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल, तर सावध व्हा. दुसरी, परदेशाच्या सुमारे दहाव्या हिश्शात मिळाला तरी खर्च लाखांच्या घरात जातो. महात्मा फुले योजनेचं कवच पाच लाखांपर्यंत! आयआयटी आणि टाटा आपल्याच करावर चालतात, मग त्यांच्या संशोधनाचं फळ कापूस पिकवणाऱ्याच्या घरापर्यंत नको का पोचायला? सरकारनं यासाठी वेगळी तरतूद करावी, असं माझं ठाम मत आहे. महिला मंडळांनी, बचत गटांनी आमदार-खासदारांकडे हे मागायला हवं.

आणि वावर विकण्याआधी मोठ्या सरकारी किंवा धर्मादाय कॅन्सर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. योजनेची कागदपत्रं तिथं समजतात. रक्ताच्या कॅन्सरची कितीतरी मुलं साध्या केमोथेरपीनंही बरी होतात. मात्र वेळेत जायला हवं.

मी उशिरा का होईना, त्या मुलीच्या वडिलांना घेऊन गेले. योजनेतून तिची केमो सुरू झाली आहे. पुढचं आता डॉक्टर आणि ती जाणे. पण "पोट्टीच्या जातीपायी" असं यापुढे कुणी माझ्यासमोर म्हटलं, तर मी चहाचा कप खाली ठेवणार आणि बोलणार. तुम्हीही बोला.