माळ्यावरची चिंगी

घाबरलेलं मांजर दिसलं की आपला हात आपोआप पुढे जातो. उचलावं, छातीशी धरावं, पाठीवरून हात फिरवावा असं वाटतं. रडणाऱ्या तान्ह्या पोराला हे सगळं हवं असतं, मांजराला मात्र त्या घटकेला यातलं काहीच नको असतं. धरलं की पळायची वाट बंद होते, आणि पळायची वाट बंद झालेलं मांजर दुप्पट घाबरतं.

हे आमच्या घरात पक्कं ठसलं ते ३ जून २०२० ला. ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या नागोठण्यापर्यंत त्याने झाडं, विजेचे खांब, पत्रे काही सोडलं नाही. शेजारच्या शेडचा एक पत्रा उडून आमच्या मागच्या पडवीत आदळला, तिथे आमची मांजर चिंगी झोपलेली. तिला लागलं काहीच नाही. शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगवून ती भिंतीवरून थेट पोटमाळ्यावर गेली आणि जुन्या ट्रंकांमागे दडली. वारा पडल्यावर धाकटा शिडी लावून चढायला निघाला, तर आईने त्याला खालीच थांबवलं. म्हणाली, “तिला तिथेच राहू दे रे. तिची ती उतरेल. तू फक्त पाणी ठेव.”

आईने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. २०१४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोका दिला आणि काहींना दिला नाही. खोकावाली मांजरं पहिल्या काही दिवसांतच बरीच निवळली, बाकीच्यांना जास्त वेळ लागला. मांजरासाठी लपणं हाच निम्मा उपचार असतो. मांजर व्यालं की पिल्लांना सात घरं फिरवतं, असं आपल्याकडे म्हणतात. सुरक्षित कोपरा शोधणं तिच्या रक्तातच आहे, तिने निवडलेल्या कोपऱ्यावर आपण विश्वास ठेवावा.

आवाजाचं तिचं जगही आपल्याहून वेगळं. आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला जवळजवळ ८५,००० पर्यंतचा. पत्रा सिमेंटवर घासल्याचा जो कर्कश आवाज आपल्याला सोसत नाही, त्यात तिला आणखी काय काय ऐकू येत असेल! त्यामुळे अशा वेळी घरात टीव्ही, मिक्सर, भांड्यांची आदळआपट जरा बेताने चालू द्यावी. पाणी, थोडं खाणं आणि तिची मातीची पाटी लपल्या जागेच्या जवळ, पण पाटी खाण्यापासून लांब ठेवावी. रोजच्याच वेळेला, रोजच्याच आवाजात हाक मारावी आणि आपल्या कामाला लागावं. आमच्याकडे आईने रात्री वाटीत सुकटीचा चुरा ठेवला होता. सकाळी वाटी चाटून पुसून लख्ख होती, चिंगी मात्र अजून वरच.

वासाचं लोकांच्या लक्षात येत नाही. मांजर गाल घासून दाराची चौकट, खुर्चीचा पाय, आपल्या पोटऱ्या अशा सगळ्यांवर स्वतःचा वास ठेवत असतं, त्यावरून तिला घर आपलं वाटतं. आमच्याकडे अंबा नदीला पूर आला की एसटी स्टँड आणि कोळीवाड्याकडच्या घरांत पाणी शिरतं, मग चिखल उपसून सगळं फिनेलने धुवावं लागतं. त्यात तिचा वासही धुऊन जातो. ते टळत नाही. पण तिचं अंथरायचं फडकं तेवढं चांगलं राहिलं असेल तर धुऊ नका.

घरात दोन मांजरं असतील तर आणखी एक पेच. दचकल्याक्षणी समोर दुसरं मांजर दिसलं, तर सगळी भीती त्याच्यावर निघते आणि कालपर्यंत एका गोणपाटावर झोपणारी दोघं एकमेकांवर फिस्कारू लागतात. अशांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं, एकाचं फडकं दुसऱ्याच्या खोलीत ठेवावं आणि पुन्हा भेट घडवायची ती खाण्याच्या वेळी, लांबून. दचकल्या घटकेला तिने आपल्यालाही बोचकारलं किंवा चावलं, तर तिच्यावर हात उगारू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरचंच मांजर आहे म्हणून सोडून देऊ नये.

थांबायचं कुठवर, हेही माहीत हवं. दिवसभर काहीच खाल्लं नाही, तोंड उघडून धापा टाकते आहे, लंगडते आहे, तर पशुवैद्याकडे न्यायलाच हवं. बोका पाटीत पुन्हा पुन्हा बसतो आणि लघवीचा थेंब येत नाही, असं दिसलं तर रात्र काढू नका. ताणाने मूत्राशयाला सूज येते, बोक्याची मूत्रनळी अरुंद असल्याने ती तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नये. मांजराला ती विष आहे.

चिंगी उतरली ती भर दुपारी, वीज यायच्या कितीतरी आधी. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, फक्त डोळे हळू मिटून हळू उघडले. अशी सावकाश उघडझाप केली की मांजरं माणसाजवळ यायला जास्त राजी होतात, हे त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासातून पुढे आलं. चिंगी सुपाच्या कडेला येऊन बसली, आणि मग हळूच आईच्या गुडघ्याला गाल घासला.

आता दिवाळी येईल. गल्लीत सुतळी बॉम्ब वाजायला लागल्यावर खोका शोधत बसू नका. आजच एक पुठ्ठ्याचा खोका आतल्या खोलीत, पलंगाखाली, आडवा ठेवा, त्यात तिचं जुनं फडकं घाला आणि त्या खोलीचं दार तेवढं उघडं राहू द्या.