झाड की सायकल : एक बनावट पेच

पापडीहून गिरीज, भुईगावमार्गे निर्मळकडे जाणाऱ्या वाटेने ज्यांनी सायकल हाकली आहे, त्यांना हिरव्या वसईचे माहात्म्य निराळे सांगावे लागत नाही. केळी-नारळीच्या वाड्या, चिंचेची सावली आणि वळणावळणावरचे क्रूस हेच या वाटांचे वैभव. त्या नव्याने बांधल्या जाव्यात, याबद्दल आमचा वाद नाही. खड्ड्यांत आपटून जायबंदी होणारा पहिला माणूस सायकलस्वारच असतो. पहाटेच्या मिस्सेला निघालेला वृद्ध, फुलांची पाटी घेऊन स्टेशन गाठणारा वाडीवाला, शाळकरी मुली या साऱ्यांना सुरक्षित रस्ता हवा आहे.

परंतु दुरुस्ती म्हटली की रुंदीकरण आणि रुंदीकरण म्हटले की कुऱ्हाड, हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की त्याचा जाबही कोणी विचारीत नाही. वर युक्तिवाद असा की, सायकलवाल्यांचा जीव वाचवायचा तर झाडे गेलीच पाहिजेत! हा पेच बनावट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. झाडाने कधी सायकलस्वाराला चिरडल्याचे ऐकिवात नाही. त्याला चिरडतो तो वेग. ताशी 30 किलोमीटरने जाणारी मोटार 50 किलोमीटरने धावू लागली, तर तिच्या आघाताची ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक होते. रुंद, सरळ रस्ता नेमका हाच वेग वाढवतो. म्हणजे सायकलस्वाराच्या नावाने झाड तोडायचे आणि मोकळी झालेली जागा त्याच्या मारेकऱ्याला बहाल करायची!

कोणी म्हणेल, वस्ती वाढली, रुग्णवाहिका कोठून जाणार? प्रश्न रास्त आहे. पण रुग्णवाहिका अडते ती वडाच्या बुंध्याला नव्हे, तर दुतर्फा उभ्या केलेल्या मोटारींना. त्यांत लग्नाच्या आणि मिस्सेच्या वेळी आपल्याच समाजबांधवांच्या मोटारी असतात. रस्ता मोकळा करायचा असेल, तर आरंभ तेथून करावा.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चिकही नाही. गावांतून वेगमर्यादा 30 ठेवावी व ती पाळली जावी. डांबराची कड आणि साइडपट्टी एका पातळीत आणावी, म्हणजे मागून वाहन आले असता सायकलवाला खाली कोसळणार नाही. सकाळ-संध्याकाळ डंपर व टँकर यांना मज्जाव करावा. बुंध्याभोवती माती उघडी ठेवावी, काँक्रीटने मुळांचा गळा आवळू नये. मोऱ्या बुजवून रस्त्याची उंची वाढवू नये. पाण्याच्या वाटा अडल्या की काय होते, हे जुलै 2018 च्या महापुराने वसईकरांना दाखवले आहे.

कायदाही झाडांच्या बाजूने उभा आहे. राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा मान दिला. तोडीपूर्वी झाडावर नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. पण नोटीस वाचायला कोणी थांबले, तरच ना! 1989 साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा गावेच्या गावे रस्त्यावर उतरली होती. त्या चळवळीचे गोडवे गायचे आणि दारातल्या चिंचेवरची नोटीस न वाचता पुढे जायचे, ही तिची विटंबना आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि दीनांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले. आमच्या वाटेवर हे दोन आक्रोश शेजारीशेजारी उभे आहेत: एक झाडाचा, दुसरा सायकलवाल्याचा. त्यांना एकमेकांचे वैरी ठरवणाऱ्यांच्या कारस्थानाला आपण बळी पडू नये. यरीहोच्या वाटेवर याजक व लेवी जखमी माणसाला पाहून बगल देऊन गेले. त्यांना उशीर होत होता की नाही, हे शास्त्र सांगत नाही. ते थांबले नाहीत, एवढेच सांगते. ज्या रस्त्यावर थांबता येत नाही, तो कितीही रुंद असला, तरी शेजाऱ्यांचा रस्ता नव्हे.