स्वतःचे वाजवणे ऐकताना

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. जळगाव शहराला लागून असलेले, आता महापालिकेच्या हद्दीत आलेले हे गाव त्या दिवशी खान्देशाचे पंढरपूर होते. चंद्रभागेपर्यंत जाणे ज्यांना जमत नाही, ते इथे येऊन माथा टेकवतात. टाळ-मृदंगाच्या गजरात भजनी मंडळे चालतात, रस्त्याच्या दुतर्फा गर्दी असते आणि अलीकडे त्या गर्दीतल्या बहुतेक हातांत मोबाइल असतो. रात्री सगळे पांगतात, घरोघरी उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी पानात पडते, आणि दिवसभर मृदंग वाजवून हात भरून आलेल्या माणसापुढे घरातला पोरगा मोबाइल धरतो. ‘बाबा, बघा, काय रंगले होते!’

बाबा ऐकतात. अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा उतरतो. लय केव्हाच चढलेली असते. टाळ एकीकडे आणि मृदंग एकीकडे. जिथे समाधी लागल्यासारखे वाटले होते, तिथे नुसता गलका ऐकू येतो. ‘हे असे वाजवतो मी?’ एवढेच ते म्हणतात आणि मोबाइल परत करतात. पुढच्या वर्षी मृदंग दुसऱ्या कोणी तरी घ्यावा, असेही त्या वेळी मनात येऊन जाते.

हे दृश्य एका घरातले किंवा एका गावातले नाही. पेटीच्या क्लासला जाणारी मुलगी, लग्नाच्या वरातीत ट्रंपेट फुंकणारा बँडवाला, निवृत्तीनंतर हौसेने बासरी हातात घेतलेले मास्तर, या सगळ्यांच्या वाट्याला हा क्षण कधी ना कधी येतो. काही जण त्यातून शिकतात. बरेच जण त्या दिवसापासून वाजवायला बिचकू लागतात, आणि काही तर वाद्य कपाटावर ठेवून देतात. म्हणूनच स्वतःला कसे ऐकावे, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा किरकोळ नाही.

आधी थोडे विज्ञान पाहू. आपण बोलतो किंवा गातो तेव्हा आपला आवाज दोन वाटांनी आपल्या कानांत पोहोचतो. एक वाट हवेची, जी सर्वांना मिळते. दुसरी वाट कवटीच्या हाडांची, जी फक्त आपल्यालाच मिळते. हाडांतून येणारा आवाज खालच्या सुरांना वजन देतो, म्हणून स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात ही दुसरी वाट बंद होते. मग ऐकू येतो तो आवाज पातळ, परका, कधी कधी केविलवाणा वाटतो. वास्तविक जगाने आजवर तोच ऐकलेला असतो.

वादकांची तऱ्हा थोडी वेगळी. व्हायोलिन वाजवणाऱ्याचा कान लाकडाला जवळजवळ चिकटलेला असतो. तबलजी आपला तबला वरून ऐकतो, श्रोता समोरून. ट्रंपेटचे तोंड लोकांकडे असते, वाजवणाऱ्याकडे नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वाजवताना माणूस पूर्ण ऐकतच नसतो. हात या मात्रेवर असतात, मन पुढच्या तिहाईत गुंतलेले असते, आणि कान बराचसा जे व्हायला हवे तेच ऐकत असतो. अंगात उत्साह संचारला की लय वाढते आणि वाढलेली लय त्या क्षणी बरोबरच वाटते. म्हणून मोबाइल खोटे बोलतो असेही नाही आणि बाबांना जे वाटले होते ते खोटे होते असेही नाही. एकाच वाजवण्याच्या या दोन साक्षी आहेत.

प्रश्न असा की, दुसरी साक्ष केव्हा आणि कोणत्या मनाने ऐकायची?

या बाबतीत जुन्या काळाने एक व्यवस्था आपोआप करून ठेवली होती. १९०२ साली फ्रेड गेस्बर्ग नावाचा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत जाहीर करीत, कारण मेणाच्या त्या मूळ तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरला जायच्या होत्या आणि तिथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळायला हवे होते. मेणाची तबकडी वाजवून पाहिली तर ती खराब होई. त्यामुळे गायकाला आपले गाणे ऐकायचे तर तबकडी आगबोटीने जर्मनीला जाऊन, छापून परत येईपर्यंत थांबावे लागे. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच कारखाना निघाला, तोवर ही महिन्यांची प्रतीक्षा चालू होती. अब्दुल करीम खाँसाहेबांचे पहिले मुद्रण याच काळातले. तेव्हाच्या कलावंताच्या हाती स्वतःची तबकडी पडे, तेव्हा गाताना अंगात असलेला ज्वर उतरून गेलेला असे. तो जवळजवळ परक्यासारखाच ते ऐके.

ज्यांना ही प्रतीक्षा सोसवली नाही, अशीही एक हकिकत आहे. अॅडेलिना पॅटी ही एकोणिसाव्या शतकातली युरोपातली अतिशय नावाजलेली गायिका. १९०५ च्या डिसेंबरात, वयाच्या ६२ व्या वर्षी, तिने वेल्समधल्या आपल्या वाड्यात प्रथमच मुद्रण करू दिले. मूळ तबकडी वाया जाईल हे माहीत असूनही तिने ती तिथल्या तिथे ऐकण्याचा हट्ट धरला. लाउडस्पीकर नव्हता, होता तो एक मोठा कर्णा. त्यातून स्वतःचा आवाज ऐकून ती हरखून गेली, आणि आपण पॅटी का आहोत हे आता आपल्याला कळले, असे म्हणाली. साथीला पियानोवर असलेल्या लँडन रोनाल्ड यांनी ही आठवण सांगून ठेवली आहे. वाचताना हसू येते. पण जन्मभर दुसऱ्यांच्या टाळ्यांवर विश्वास ठेवून गायलेल्या बाईने आपला आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकला, एवढे लक्षात घेतले की त्या हरखण्यात नुसता गर्व दिसत नाही. स्वतःला ऐकताना फक्त चुकाच सापडाव्यात, असा काही नियम नाही.

आकाशवाणीनेही पुढे असेच अंतर दिले. सुरुवातीला कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, म्हणजे गाणारा स्टुडिओत आणि ऐकणारे घरी. स्वतःचा कार्यक्रम स्वतः ऐकण्याची सोयच नव्हती. फितीवर मुद्रण सुरू झाल्यावर चित्र पालटले. खान्देशातल्या कितीतरी भजनी मंडळांनी, पेटीवादकांनी आणि लोकगायकांनी स्वरचाचणी देऊन जळगाव केंद्रावर आपले मुद्रण केले. मुद्रण आज आणि प्रक्षेपण काही दिवसांनी. ठरल्या वेळी घरातली आणि शेजारपाजारची माणसे रेडिओभोवती जमत आणि वाजवणाराही त्यांच्यात मांडी घालून बसे. तो त्या वेळी वादक नसे, घोळक्यातला एक श्रोता असे. कोणत्या जागेवर आजी मान डोलावते आणि कुठे मुले चुळबुळ करतात, हे त्याला डोळ्यांनी दिसे. आपल्या कलेचा याहून चांगला आरसा क्वचितच मिळेल.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. आमच्या संगीतातल्या थोरांनी आरशाशिवायच सर्व काही मिळवले. बालगंधर्वांचेच पाहा. गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी लहानपणी जळगावातच घेतले, आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव आज जळगावात भरतो. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजल्या. पण त्यांचे गुरू भास्करबुवा बखले यांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याला ऐकायला मिळत नाही. १९२२ मध्ये बुवा गेले आणि त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यांत आणि श्रोत्यांच्या आठवणीत तेवढे उरले. अल्लादिया खाँसाहेबांचीही तीच गोष्ट. ते १९४६ पर्यंत होते, पण ध्वनिमुद्रिका त्यांनी मागे ठेवली नाही.

मग या मंडळींना बाहेरचा कान कुठून मिळाला? तो गुरूचा होता. समोर बसून तासन् तास ऐकणारा, चुकीच्या जागी नुसती भुवई उंचावणारा, आणि पुष्कळ दिवसांनी एखादा ‘वा’ देणारा कान. बरोबरीला मैफलीतले चार दर्दी असत, ज्यांची मान हलली नाही तर गायकाला झोप लागत नसे. ध्वनिमुद्रण त्या कानाची जागा घेऊ शकत नाही. तबकडी चूक दाखवील, पण ती चूक कशाने झाली आणि उद्या कशी टाळायची, हे सांगणार नाही. मात्र आज आपल्या गावांतून किती वादकांना असा गुरू रोज लाभतो? आठवड्यातून दोनदा तासाभराचा क्लास, तोही दहा मुलांत. भजनी मंडळातल्या मृदंग्याला तर तेवढेही नाही. तो आपल्या वडिलांचे पाहून शिकला. अशांच्या हातात मोबाइल आला आहे, तर तो शहाणपणाने वापरायला शिकणे भाग आहे.

हे शहाणपण कसले, ते कॅनडाच्या ग्लेन गूल्ड या पियानोवादकाच्या उदाहरणावरून कळते. १९५५ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना मुद्रित केली आणि एका रात्रीत म्हणावे तसे त्याचे नाव झाले. १९६४ नंतर त्याने जाहीर मैफली सोडल्या आणि केवळ मुद्रणाला वाहून घेतले. १९८१ मध्ये तीच रचना पुन्हा मुद्रित करण्यापूर्वी त्याने आपली जुनी ध्वनिमुद्रिका बऱ्याच वर्षांनी ऐकली. बोटांच्या कौशल्यात त्याला खोट दिसली नाही. पण हे वाजवणाऱ्या तरुणाच्या मनाशी आपले नाते जुळत नाही, असे त्याला वाटले. तुकडे सुटे सुटे धावत आहेत, त्यांना बांधणारी एक नाडी नाही, असे त्याचे म्हणणे होते. मग त्याने नव्याने वाजवले. पहिल्या मुद्रणाला सुमारे ३८ मिनिटे लागली होती, दुसऱ्याला सुमारे ५१. पुढच्याच वर्षी, पन्नाशी गाठताच, तो गेला. रसिक आजही दोन्ही ध्वनिमुद्रिका जपतात आणि कोणती सरस यावर भांडतात. जुने चुकले म्हणून त्याने नवे केले, असा याचा अर्थ नाही. मध्ये २६ वर्षे गेल्यामुळे तो स्वतःला पाहुण्यासारखा ऐकू शकला, एवढाच आहे.

आता आपल्या मोबाइलकडे वळू. त्याने हे अंतरच पुसून टाकले आहे. वाजवून होते न होते तोच आपण ऐकतो, आणि ऐकून होते न होते तोच दहा गटांत पाठवतो. घाम वाळलेला नसतो, मनात ‘मला काय म्हणायचे होते’ हे ताजे असते, आणि प्रत्येक उणीव चटका देते. त्यात अंगठे मोजायची सवय लागली की आपण आपल्याला ऐकणेही सोडतो, लोक काय म्हणाले तेवढेच ऐकतो. शिवाय गर्दीत, वाऱ्यात, चालत्या माणसाच्या हातातल्या मोबाइलने जे टिपले ते मिरवणुकीचे माप असते. त्यावरून मृदंगाच्या नादाची पारख करणे म्हणजे तराजूने कापड मोजण्यासारखे आहे. लय मात्र त्यातूनही कळते, तेवढे त्याचे ऐकावे.

म्हणून घरोघरच्या वादकांना आणि त्यांच्या आईवडिलांना काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुद्रण जरूर करा, पण त्याच रात्री ऐकू नका. आठ-पंधरा दिवस जाऊ द्या; तोवर त्यातली आपली आस ओसरते. मग पहिल्यांदा ऐकताना हातात कागद-पेन घेऊ नका. शेजारच्या गावचा कोणी वाजवतो आहे असे समजून शेवटपर्यंत ऐका आणि कुठे बरे वाटले ते आधी आठवा. दुसऱ्यांदा ऐकताना एकच गोष्ट धरा, लय तर लयच, सूर तर सूरच. तिसऱ्यांदा जाणत्या माणसाला सोबत बसवा आणि तो बोलेपर्यंत आपण बोलू नका. मूल शिकत असेल तर वर्षातून एकदा, एकाच दिवशी, तेच गाणे मुद्रित करून ठेवा. मागच्या वर्षीचे आणि या वर्षीचे शेजारी शेजारी ऐकले की, रोजच्या रियाझात न दिसणारी वाढ त्याला स्वतःच्या कानांनी कळते. दहा शाबासक्यांनी जे होत नाही ते एवढ्याने होते.

आणखी एक. अनेक घरांत माळ्यावर जुन्या कॅसेटी पडून आहेत. कुणाच्या काकांची पेटी, कुणाच्या आजीच्या ओव्या, एखाद्या सप्ताहातले भजन. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, ती चिकटते, आवाज विरत जातो. वाजवणारा हयात असेल तर ती उतरवून घेऊन त्याला ऐकवावी. चाळीस वर्षांपूर्वीचे आपले वाजवणे ऐकणाऱ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे तेव्हा पाहावे. त्या तरुणाच्या चुका त्याला आता डाचत नाहीत. बोटे जिथे पळत होती तिथे तो हसतो, आणि एखाद्या जागेवर दचकून म्हणतो, ‘हे मला तेव्हा कसे सुचले?’

पिंप्राळ्याच्या त्या बाबांनाही हाच सल्ला द्यावासा वाटतो. रथ ओढणाऱ्यांचे हात कितीही असोत, चाकाला मोगरी लावणारा माणूस नसेल तर रथ उतारावर धावत सुटतो. मोगरी रथ अडवायला नसते, तो नीट चालावा म्हणून असते. मोबाइलमधला तो आवाज आपल्या मृदंगाची मोगरी आहे असे समजावे. एकादशीच्या रात्री तो तसाच राहू द्यावा. गुरुपौर्णिमा उलटली, पाऊस थोडा स्थिरावला, की एखाद्या संध्याकाळी मंडळातल्या चौघांना बोलवून ओसरीवर सगळ्यांनी मिळून तो ऐकावा. कुठे पळालो, कुठे जमलो ते बोलावे. मग मृदंगाला कणीक लावून, तिथेच, त्याच अभंगाला पुन्हा हात घालावा. पुढच्या आषाढीला अजून पुष्कळ अवकाश आहे.