चाल खुशाल बदला, पण कडवी का कापता?

भीमगीतांच्या नव्या रूपांविरुद्ध दर एप्रिलमध्ये दोन प्रकारची ओरड होते. गणपतीत दहा दिवस स्पीकरच्या भिंती सोसणाऱ्या काही लोकांचे कान १४ एप्रिललाच दुखू लागतात. त्यांच्यावर मी शब्द खर्च करणार नाही. दुसरी ओरड मात्र आपल्याच घरातून येते : "जुनी गाणी बिघडवू नका, मूळ चालीतच गा." तिचा विचार करायला हवा.

वामनदादा कर्डकांची गाणी मी लहानपणापासून वेड्यासारखी ऐकत आले आहे. तरीही हा आग्रह मला मान्य नाही, कारण तो आपल्याच इतिहासाला सोडून आहे. आंबेडकरी जलसा उभा राहिला तोच मुळी तमाशाचा सांगाडा घेऊन. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, पण गवळणीला रजा दिली आणि वगात मंदिरप्रवेश, शिक्षण, सावकारी आणली. पुढच्या कवी-गायकांनी सिनेमाच्या चाली उचलल्या, कव्वाली उचलली. यात लाज वाटावी असे काहीच नव्हते. चाल लोकांच्या ओठांवर आधीच असायची, त्यामुळे अक्षरओळख नसलेला माणूसही एका रात्रीत गाणे घरी घेऊन जायचा. मग आजच्या विशीतल्या पोरांच्या कानात रॅप असेल, तर भीमगीत रॅपमध्ये का नको? २०१८ पासून चेन्नईचे 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' गाना, रॅप, रॉक एकत्र करून जातीवर थेट गाते आहे. पंजाबात गिन्नी माही पॉपच्या ठेक्यावर बाबासाहेब गाते. त्यांना कोण म्हणेल की परंपरा बुडाली?

गेल्या वर्षी एका मोठ्या सभागृहात तिकीट काढून भीमगीतांचा 'फ्यूजन' कार्यक्रम ऐकला. गायक नामवंत, वादक उत्तम. हलगीच्या जोडीला बेस गिटार आली तेव्हा अंगावर काटा आला, हे कबूल करते. एरवी जलद गायले जाणारे एक गाणे त्यांनी इतके संथ केले की मला त्याचा अर्थ नव्याने लागला. कौतुक करावे तेवढे थोडे. पण वामनदादांचे गाणे आले आणि पहिले कडवे झाल्यावर ध्रुवपद आठ वेळा फिरले, दिवे लुकलुकले, गाणे संपले. मधली कडवी गायब. शेवटचे, ज्यात 'वामन' हे नाव येते, तेही गायब. आणि मागच्या पडद्यावर गीतकाराच्या जागी शब्द होता : 'पारंपरिक'.

पारंपरिक? वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांच्या पंगतीला जेवलेली माणसे आजही वस्त्यावस्त्यांत आहेत.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की मौखिक परंपरेचा कर्ता अज्ञात असतो. आपल्या परंपरेला हे लागूच पडत नाही. चोखामेळ्यापासून आपल्या कवींनी शेवटी स्वतःचे नाव गुंफले, कारण ज्याला पुस्तकात जागा मिळणार नव्हती, त्याचा सातबारा म्हणजे ते शेवटचे कडवेच. ते गाळले की कवी बेदखल होतो. मधली कडवी गाळली की त्याचा विचारही बेदखल होतो. भांडवलदारांची नावे घेऊन 'आमचा वाटा कुठे' असे विचारणारा हा कवी. आपल्याच पुढाऱ्यांच्या फाटाफुटीलाही त्याने सोडले नाही. त्याचे फक्त जयजयकाराचे ध्रुवपद तेवढे उरवायचे, ही नवी मांडणी नव्हे, ही छाटणी आहे. आणि छाटले जाते ते नेमके टोचणारे, हा योगायोग समजायचा का?

"वेळ नसतो, पंधरा गाणी बसवायची असतात," असे मला सांगितले गेले. ध्रुवपद आठ वेळा फिरवायला वेळ होता. ड्रमच्या एकट्या वादनालाही होता.

यात पैशाचाही भाग आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. शिवाय त्याच कायद्याचे कलम ५७ लेखकाला आपले नाव सांगण्याचा वेगळा हक्क देते. 'पारंपरिक' लिहिले की कोणाला काही द्यावेच लागत नाही. तिकीट मात्र पारंपरिक नसते.

कोर्टकचेरी करा असे मी म्हणत नाही. जयंती मंडळांच्या हातात बिदागी आहे, तिचा वापर करा. आमच्या वस्तीतल्या मंडळाने यंदा पार्टी ठरवताना दोन अटी लिहून घेतल्या : चाल तुमची, वाद्ये तुमची, पण सगळी कडवी गायची, आणि प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव घ्यायचे. एका पार्टीने नकार दिला. दुसरीने होकार दिला. त्यांच्या तरुण गायकाचा परवा फोन आला, त्याला दोनच कडवी ठाऊक होती. मंडळातल्या आजींना सगळी पाठ आहेत. रविवारी तो वही घेऊन येणार आहे.