विश्लेषण : एकच ऑस्ट्रेलियन वाइन, प्रत्येक देशात वेगळी किंमत… असे का?

नाताळ आणि लग्नसराई म्हणजे वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गास, भुईगाव, निर्मळ परिसरात पाहुण्यांच्या सरबराईचे दिवस. इथल्या अनेक घरांतील कुणी ना कुणी आखातात, ऑस्ट्रेलियात किंवा जहाजावर नोकरीला असतो. सुट्टीवर येताना त्याने आणलेल्या ऑस्ट्रेलियन वाइनची किंमत आणि इथल्या दुकानातला भाव यांची तुलना मग आपसूकच होते. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला, महागड्या वाइनवरील सीमाशुल्क निम्म्यावर आले. तरी दुकानातील भाव निम्मा झाला नाही. तो का, याचे उत्तर द्राक्षमळ्यात नव्हे, करआकारणीत आहे.

किंमत नेमकी कुठे ठरते?

ऑस्ट्रेलियात वाइनच्या घाऊक किमतीवर २९ टक्के ‘वाइन समीकरण कर’ आणि त्यावर १० टक्के जीएसटी लागतो. निर्यात होणाऱ्या बाटलीवर हे कर नसतात. म्हणजे बंदरातून निघताना बाटली मायदेशातील ग्राहकाला मिळते त्यापेक्षा स्वस्तच असते. पुढची किंमत ती कोणत्या देशात उतरते आणि तिथे कर कशावर मोजला जातो, यावर ठरते.

हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये काय होते?

हाँगकाँगने फेब्रुवारी २००८ मध्ये वाइनवरील शुल्क रद्द केले. त्यामुळे उंची ऑस्ट्रेलियन वाइन मायदेशापेक्षा तिथे स्वस्त मिळणे अशक्य नाही. सिंगापूरमध्ये शुल्क बाटलीच्या किमतीवर नव्हे, तर तिच्यातील मद्यार्कावर आहे. दर लिटर शुद्ध मद्यार्कामागे ८८ सिंगापूर डॉलर. ७५० मिलीची, १४ टक्के मद्यार्काची बाटली घेतली तर हे शुल्क ९.२४ डॉलर होते. बाटली वीस डॉलरची असो वा पाचशेची, शुल्क तेवढेच. त्यावर ९ टक्के जीएसटी. साहजिकच वाइन जितकी उंची, तितका या शुल्काचा किमतीतील वाटा कमी.

चीनचा अनुभव काय सांगतो?

ऑस्ट्रेलियन वाइनची सर्वांत मोठी बाजारपेठ ठरलेल्या चीनने मार्च २०२१ मध्ये तिच्यावर ११६.२ ते २१८.४ टक्के शुल्क लावले. दोन देशांतील राजकीय वाद हे त्यामागचे खरे कारण मानले गेले. मार्च २०२४ अखेर ते शुल्क उठवले गेले. वाइन तीच होती, बदलले ते फक्त संबंध.

भारताच्या करारात काय आहे?

भारतात आयात वाइनवर एकूण १५० टक्के सीमाशुल्क आहे आणि ते किमतीवर मोजले जाते. करारानुसार पाच अमेरिकी डॉलरपेक्षा अधिक आयात किमतीच्या बाटलीवर ते १०० टक्के, तर १५ डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या बाटलीवर ७५ टक्के झाले. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत खाली यायचे आहे. पाच डॉलरखालच्या वाइनला सवलत नाही. नाशिकसह देशातील वाइन उत्पादकांना स्वस्त आयातीची झळ बसू नये, हा त्यामागचा विचार.

या पायऱ्यांमुळे गमतीदार हिशेब तयार होतो. करार लागू होतानाच्या दराने १४ डॉलरची बाटली शुल्कासह २८ डॉलरला पडते आणि १६ डॉलरचीही २८ डॉलरलाच. २० डॉलरची बाटली पूर्वी ५० डॉलरला पडत होती, ती ३५ डॉलरवर आली. म्हणजे शुल्क निम्मे होऊनही एकूण खर्च ३० टक्क्यांनीच घटला.

मग दुकानात फरक का दिसत नाही?

कारण बंदरानंतर राज्याची हद्द सुरू होते. पिण्याचे मद्य जीएसटीबाहेर आहे आणि त्यावरील उत्पादन शुल्क राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीत येते. त्यात मूल्यवर्धित कर, दरवर्षीची लेबल नोंदणी, आयातदार, वितरक आणि विक्रेत्याचा नफा मिळवला जातो. उंची वाइन मोजक्याच बाटल्यांत येत असल्याने नोंदणी आणि साठवणुकीचा खर्चही थोड्याच बाटल्यांवर पडतो. राज्याचा हात किती मोठा, हे व्हिस्कीच्या बाबतीत दिसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले. इतर राज्यांच्या बरोबरीने भाव आणणे आणि चोरटी वाहतूक रोखणे, हा हेतू होता.

बाहेरून आणणे परवडते का?

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य किंवा वाइन शुल्काविना आणता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या, तिसरी मर्यादेबाहेर जाते. पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या दादरा नगर हवेलीतून किंवा दमणहून स्वस्तात मद्य आणण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र तिथे विक्रीसाठी असलेले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा १९४९ च्या महाराष्ट्र मद्यनिषेध कायद्यानुसार गुन्हा आहे. पावती असली तरी सुटका नाही.

यावर उपाय काय?

मद्य स्वस्त व्हावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मद्यावर जबर कर असण्यामागे आरोग्याचे आणि महसुलाचे सबळ कारण आहे. पण आरोग्य हे कारण असेल, तर कर बाटलीच्या किमतीवर नव्हे, तिच्यातील मद्यार्कावर हवा. शरीराला होणारा अपाय लेबलच्या प्रतिष्ठेवर अवलंबून नसतो. किमतीवरचा कर उंची वाइनला चोरवाटेकडे ढकलतो आणि स्वस्त, कडक मद्याला तुलनेने मोकळे सोडतो. दुसरी गरज पारदर्शकतेची. इंधनाच्या दरात केंद्राचा वाटा किती, राज्याचा किती, यावर निदान चर्चा तरी होते. मद्याच्या बाटलीवर फक्त कमाल किरकोळ किंमत असते. केंद्राने सोडलेल्या शुल्कातले ग्राहकापर्यंत किती आले आणि मधल्यामध्ये किती राहिले, हे कळायचे असेल तर तो हिशेब सरकारनेच जाहीर करायला हवा.