म्हणी आणि औषधोपचार

म्हणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेल्या असतात, हे मान्य. पण त्या व्यवहारातले शहाणपण सांगतात. त्या औषधाची चिठ्ठी नव्हेत. तरीही त्यांचा शब्दशः अर्थ घेऊन घरीच उपचार करणारी मंडळी आम्हा डॉक्टरांना नेहमी भेटतात. म्हणून नेहमीच्या तीन म्हणी तपासून पाहू.

‘औषधावाचून खोकला गेला’ ही म्हण शब्दशः घेतली तरी बरीचशी खरी ठरते. सर्दीबरोबरचा खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो व तो आपोआप ओसरतो. मात्र खोकला दोन आठवडे टिकला, तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. धाप लागत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

‘काट्याने काटा काढावा’ हे राजकारणात ठीक, पायात मात्र नको. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात आणि हवा न पोहोचणाऱ्या खोल, अरुंद जखमेत वाढतात. दुसऱ्या काट्याने कोरणे म्हणजे त्यांना आणखी खोल ढकलणे होय. पाय साबणाने धुवावा, उकळलेल्या चिमट्याने किंवा सुईने काटा काढावा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. मधुमेह्यांनी तर स्वतः कोरूच नये.

तिसरी सर्वांत घातक. ‘लंघन हे परम औषध’. अजीर्ण झालेल्या धडधाकट माणसाने एक वेळ जेवण सोडले तर बिघडत नाही. पण जुलाब होणाऱ्या तान्ह्या मुलालाही हाच न्याय लावला जातो. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून आजी दूध तोडते, पाणीही बेताने देते. मूल दगावते ते प्रामुख्याने शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने! आयुर्वेदानेही बालक, वृद्ध, गर्भिणी व दुर्बल यांना लंघन वर्ज्य मानले आहे.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती. सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज मिसळलेले पाणी रुग्णांना पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. तेच आजचे ओ.आर.एस.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मोठ्या मुलाला मऊ भात, वरण, केळे द्यावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

म्हणीला रुग्णाचे वय व वजन ठाऊक नसते. म्हणी जरूर बोलाव्यात, पण बाळाचे दूध-पाणी त्यांच्या भरवशावर तोडू नये, एवढेच सांगणे.