मागे उभा राहणारा

शाळेच्या मैदानावर फुटबॉल टाकला की सगळी पोरं गोलाकडे धावतात. बचावाला कुणी तयार नसतं. सातवीतल्या एकाला मागे थांबवलं, तर म्हणाला, "सर, मागे राहून मी कुणाला दिसणार?" त्याला मी केविन क्रोची गोष्ट सांगितली.

क्रो अमेरिकेचा. सॅन डिएगोच्या विद्यापीठात शिकला आणि 1983 मध्ये तिथल्याच 'सॉकर्स' संघात बचावपटू झाला. हा संघ गाजला तो इनडोअर सॉकरमुळे. आइस हॉकीच्या रिंगणात बर्फावर कृत्रिम गवताचा गालिचा अंथरायचा आणि भोवतालच्या फळ्या तशाच ठेवायच्या. गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू, पंधरा मिनिटांचे चार डाव. फळीवर आदळलेला चेंडू खेळातच राहतो, म्हणून दम घ्यायला उसंत नाही. खेळाडू दर मिनिटा-दोन मिनिटांनी, खेळ न थांबवता बदलतात. कॅरम खेळणाऱ्याला यातली गंमत लगेच कळेल: चेंडू फळीला लागून कुठे येईल, हे बचावपटूला आधीच हेरावं लागतं. जवळून मारलेल्या फटक्यासमोर अंग घालावं लागतं. धसमुसळेपणा केला तर दोन मिनिटं बाहेर बसायचं आणि तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी. म्हणजे हिंमत हवी आणि राग आवरताही यायला हवा. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त अवघड.

क्रो लीगचा सर्वोत्तम बचावपटू पाच वेळा ठरला: 1985, 1988, 1989, 1991 आणि 1992. मधल्या काळात मोठ्या मैदानावर तो देशाकडूनही खेळला. 1984 चं लॉस एंजेलिस आणि 1988 चं सोल, अशी दोन ऑलिम्पिक त्याच्या नावावर आहेत.

1992 मध्ये सॉकर्सने सलग पाचव्या वर्षी विजेतेपद मिळवलं. त्याच उन्हाळ्यात लीग बंद पडली. खेळाडू तिशीत, हातात विजेतेपद, आणि ज्या लीगवर पोट होतं तीच संपलेली! सॉकर्स पुढे दुसऱ्या लीगमध्ये गेले, पण 1996 नंतर तो संघही थांबला.

मुलाला पाच पुरस्कारांचं ऐकून हुरूप आला. दुसऱ्या दिवसापासून तो आपणहून मागे उभा राहू लागला. आठवड्याने त्याचे अब्बा शाळेत आले. म्हणाले, "सर, हा आता फुटबॉलच खेळणार म्हणतो. काय करू?"

त्यांना मी 1992 चा उन्हाळा आधी सांगितला. आणि क्रोचं विद्यापीठही.